घाटवाल्यांचा गुरुनाथ

गुरुनाथनं आमचा ग्रुप सोडला, असं केदार सगळीकडं सांगत फिरतो. परवा इथं न्यू जर्सीत, पार्सिपनीच्या मराठी मंडळात संक्रांतीचा कार्यक्रम होता, तिथंही हातात तिळाची वडी धरून तेच चाललं होतं. "गुरू ना, फार टची झाला होता यार. स्वतःच बाहेर पडला. आता तिकडं मिशिगनला, ॲन आर्बरला असतो, फोनसुद्धा उचलत नाही." आणि वर मलाच विचारतो, "काय अहिल्या, खरं की नाही?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गोड बोलणं राहिलं बाजूला, मी हातातली तिळगुळाची वाटी तिथंच ठेवली आणि पार्किंगमध्ये जाऊन गाडीत बसले. नवरा मागून आला, काय झालं म्हणाला. काय सांगू बाप्पा! या सगळ्यात माझंही तोंड काळं आहे. पण केदारच्या तोंडून असलं काही ऐकण्यापेक्षा आपणच सांगितलेलं बरं.

गुरुनाथ हेरलेकर मूळचा इचलकरंजीचा. वडिलांचं यंत्रमागाचे पार्ट दुरुस्त करायचं दुकान होतं, त्यामुळं ग्रीसचा वास त्याच्या लहानपणापासूनचा. इथं तो एका विमा कंपनीत डेटाबेस सांभाळायचा. माणूस उंच, किडकिडीत, बोलणं कमी. त्याच्या टूलबॉक्समध्ये प्रत्येक कप्प्यात कापराची वडी असायची. कापूर असला की पान्यांना गंज चढत नाही, हे वडिलांचं. शनिवारी त्याच्या गराजचं शटर वर गेलं की समजायचं, कुणाची तरी मोटरसायकल आत आहे. मी चाळिशीत मोटरसायकल शिकले ती त्याच्याकडून. नागपूरला कॉलेजात स्कूटी चालवली होती, तेवढीच काय ती पुंजी. त्यानं मला आधी एक महिना गाडीवर बसूच दिलं नाही. चेन काढ, चेन लाव. ब्रेक ऑइल बदल. टॅपेट सेट कर. मी वैतागून म्हटलं, "दादा, मला चालवायची आहे, विकायची नाही." तर म्हणाला, "रस्त्यात बंद पडली की रडशील. रडणारं माणूस सोबत नको मला." असा माणूस. तेव्हापासून मी त्याला दादा म्हणायला लागले, आणि तोही मला हक्कानं ओरडायचा.

आम्ही चौघं होतो. गुरुनाथ, मी, पुण्याचा केदार आणि मुंबईचा सुशांत. व्हॉट्सॲपवर ग्रुपचं नाव 'घाटवाले'. चौघांनाही एकच भूक, ओल्या हिरव्या डोंगरातले अरुंद रस्ते. न्यू जर्सीत ते कुठले! इथं जानेवारीत बर्फ. केदार म्हणायचा कोस्टा रिकाला जाऊ, सुशांत म्हणायचा व्हिएतनामला. आणि मग सगळे एकदम गप्प व्हायचे, कारण गुरुनाथला देशाबाहेर जाता येत नव्हतं. ग्रीन कार्डच्या रांगेत चौदा वर्षं, पासपोर्टवरचा व्हिसा केव्हाच संपलेला. बाहेर गेला तर परत यायला नवा शिक्का लागणार, तो कधी मिळेल याचा भरवसा नाही. वकिलानं स्पष्ट सांगितलं होतं, गरज नसेल तर देश सोडू नका.

तर या पठ्ठ्यानं नकाशा पसरून प्वेर्तो रिको शोधून काढलं, कॅरिबियन समुद्रातलं अमेरिकेचंच बेट. नेवार्कहून चार तासांचं विमान, डॉलर तोच, लायसन्स तेच, पासपोर्ट कुणी मागत नाही. आणि मधोमध असे डोंगर की आपला आंबोली घाट आठवावा. धुकं, बांबू, केळी, कॉफीचे मळे. रस्त्यावर पाट्या किलोमीटरच्या आणि स्पीड लिमिट मैलाचं, त्यामुळं सुशांत पहिल्या वर्षी सारखा घोळ घालायचा. आम्ही तिथंच चार जुन्या अडीचशे सीसीच्या गाड्या घेतल्या, कच्च्या रस्त्यावर चालतील अशा. हायूया नावाच्या गावात एफ्राइन म्हणून एक कॉफीवाला आहे, साठीचा, पोटाळा, सतत हसणारा. त्याच्या शेडमध्ये त्या वर्षभर राहायच्या. दर जानेवारीत आम्ही आठवडाभर जायचो.

आम्ही म्हणजे आम्ही तिघं आठवडाभर. गुरुनाथ एक आठवडा आधी जायचा. त्या हवेत गाडी वर्षभर उभी राहिली की काय होतं ते ज्यानं पाहिलं त्यालाच कळेल. सीटवर हिरवी बुरशी. चेन तांबडी. ब्रेक ऑइलनं हवेतलं पाणी पिऊन चहासारखा रंग धरलेला. सायलेन्सरमध्ये कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलेलं. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल सुकून गुळाच्या काकवीसारखं चिकट. गुरुनाथ आपली सुट्टी घालून हे सगळं एकटा उपसायचा, आणि आम्ही तिघं शनिवारी गॉगल लावून उतरायचो, तर चारही गाड्या एका बटणावर सुरू. केदार फोटो टाकायचा, 'माय बीस्ट इज रेडी'. तुझी बीस्ट रे? तिचा प्लग कुठं असतो ते तरी माहीत आहे का तुला?

दसऱ्याला तर गुरुनाथ एफ्राइनला व्हिडिओ कॉल लावून गाड्यांची पूजा करायला लावायचा. झेंडू नाही तर जास्वंद चालेल म्हणायचा. एफ्राइन बिचारा चारही हँडलना फुलं बांधायचा, आणि आम्ही चौघं पार्सिपनीहून हात जोडायचो.

गुरुनाथची एकच इच्छा होती. बेटाच्या पूर्व टोकाला माउनाबो, पश्चिम टोकाला मायाग्वेस, आणि मध्ये डोंगराच्या माथ्यामाथ्यानं जाणारा जुना रस्ता. तो एकदा सलग, या टोकापासून त्या टोकापर्यंत, चौघांनी मिळून करायचा. पाच वर्षं जमला नाही. एकदा दरड कोसळली, एकदा सुशांतनं क्लच जाळला, आणि उरलेल्या वेळी तिसऱ्या दिवशी केदारला समुद्र आठवायचा. मी एकदा म्हटलं, "दादा, तू एकटाच जाऊन ये ना." तर म्हणाला, "एकट्याचं काय गं, कधीपण होईल. माझ्या आयुष्यात सगळंच पेंडिंग आहे. एवढी एक गोष्ट तरी चारचौघांबरोबर पूर्ण होऊ दे की." सहाव्या वर्षी तर त्याचं प्रोजेक्टही जूनमध्ये संपणार होतं. दुसरी नोकरी मिळाली तर ठीक, नाहीतर इचलकरंजी. त्यामुळं हा जानेवारी कदाचित शेवटचा, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. नीट लक्षात घ्या, सगळ्यांना.

आता माझं पाप. केदार आणि सुशांतचे पासपोर्ट केव्हाच निळे, म्हणजे अमेरिकन झाले होते. ऑगस्टमध्ये माझी सिटिझनशिपची शपथ झाली, आणि त्याच संध्याकाळी केदारनं मला एका नव्या ग्रुपमध्ये घेतलं. नाव काय, तर 'घाटवाले इंटरनॅशनल'. त्यात तिघंच. कोलंबिया ठरलं होतं, जानेवारीत, दहा दिवस, भाड्याच्या नव्याकोऱ्या गाड्या. केदारनं लिहिलं होतं, 'किती वर्षं त्याच बेटावर गोल गोल फिरायचं यार? गुरूला सध्या नको सांगायला, वाईट वाटेल त्याला.' गरज सरो, वैद्य मरो. मला तेव्हाच बोलता आलं असतं की मी नाही येणार. पण मलाही कोलंबिया पाहायचं होतं. खोटं कशाला बोलू? निळा पासपोर्ट हातात आला होता आणि माझे पाय जमिनीवर नव्हते.

मग प्रश्न आला, गुरूला सांगणार कोण? सुशांत म्हणाला केदारनं सांगावं. केदार म्हणाला अहिल्यानं सांगावं, तो तिचं ऐकतो. आणि मी 'ओके' लिहून अंगठा टाकला. आपल्या लोकांना दुसऱ्याचं मन दुखवायचं नसतं ना, वाईटपणा घ्यायचा नसतो! त्यापायी माणसाचा केसानं गळा कापला तरी चालतो. दसऱ्याच्या व्हिडिओ कॉलवर केदार-सुशांत आलेच नाहीत. मी आले, हात जोडले, गप्प बसले. दिवाळीत फराळाचा डबा घेऊन त्याच्या घरी गेले, डबा दिला, चहा प्यायले, परत आले. डिसेंबरात त्यानं तिकीट काढलं आणि आमच्या जुन्या ग्रुपवर टाकलं. केदार आणि सुशांतनं त्यावर चक्क हार्ट दिले. इतका निर्लज्जपणा!

मग माझ्या सुपीक डोक्यात कल्पना आली. मीही त्याच्याबरोबर आठवडाभर आधी जाईन, गाड्यांना हात लावीन, आणि तिथं शांतपणे, समजावून सांगेन. आणि शुक्रवारी तिथल्याच सॅन हुआनहून मायामीमार्गे कोलंबियातलं मेडेयीन गाठेन. असं तिकीट काढलं मी. त्याला फोन करून म्हटलं, "दादा, या वर्षी मी येते तुझ्याबरोबर आधी." मग म्हणाला, "खरंच?" आणि हसला. गुरुनाथ फोनवर हसलेला मी पहिल्यांदा ऐकला.

सोमवारी आम्ही हायूयाला पोचलो. एफ्राइननं शेड उघडली, चारही गाड्या धुळीनं आणि बुरशीनं भरलेल्या. गुरुनाथनं सगळ्यांत आधी माझी गाडी पुढं ओढली. म्हटलं, "तुझी घे ना आधी." तर म्हणाला, "गप. हिला नवे टायर घालायचेत." नेवार्कहून विमानात टायर घेऊन आला होता तो माझ्यासाठी. मी कार्ब्युरेटर खोलत होते आणि मनात जुळवाजुळव करत होते, दादा, एक सांगायचं होतं. तेवढ्यात तो म्हणायचा, "मधला जेट सुईनं नको गं साफ करू, भोक मोठं होतं. ब्रशचा केस घे." आणि मी ब्रश शोधायला उठायचे.

मंगळवारी सांगू म्हटलं. मंगळवारी एफ्राइनच्या पुतणीनं, मारिसोलनं, भात आणि राजमा आणून दिला. ती तिथल्या शाळेत शिकवते, मोटरसायकलनंच शाळेत जाते, तिशीची असेल, गाड्यांभोवती घुटमळत होती. गुरुनाथ तिला मोडक्या स्पॅनिशमध्ये व्हॉल्व्ह समजावत होता, इतका खुशीत की सांगवेना. बुधवारी दिवसभर ब्रेक. मी लिव्हर दाबायचे, तो खाली बसून हवा काढायचा. "दाब. धर. सोड." असं तीन तास. त्या तीन तासांत तीनशे वेळा माझ्या जिभेवर आलं. आणि मी लिव्हर दाबत राहिले. संध्याकाळी फोनवर केदारचा मेसेज, 'सांगितलंस ना? शुक्रवारी लेट नको होऊस.' मी फोन उलटा ठेवला.

गुरुवारी ट्रायलला निघालो, दोघंच. माथ्यावरचा रस्ता, एका बाजूला दरी, एका बाजूला बांबू. बांबूची ओली पानं रस्त्यावर पडली की साबण सांडल्यासारखं होतं, तिथं तो हात वर करून मला सावध करायचा. गाडी अशी पळत होती की काय सांगू, जणू कालच दुकानातून आणलेली. वर एका वळणावर थांबायला जागा आहे, तिथून उत्तरेचा आणि दक्षिणेचा, दोन्हीकडचा समुद्र दिसतो. गुरुनाथनं हेल्मेट काढलं, संत्रं सोललं, अर्धं मला दिलं. आणि मी डोळे मिटून बोलले.

"दादा, केदार आणि सुशांत येणार नाहीयेत."

"माहीत आहे," तो म्हणाला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"नोव्हेंबरात केदारचा फोन आलेला. दहा हजार फुटांवर इंजिनची ताकद किती कमी होते, विचारत होता." त्यानं संत्र्याची बी थुंकली. "या बेटावर सगळ्यात उंच डोंगर साडेचार हजार फुटांचा पण नाही. मी काय खुळा आहे?"

"मग तू काय म्हणालास?"

"काय म्हणणार? सांगितलं सगळं. अर्धा तास. उंचावर गिअर कुठला ठेवायचा, उतारावर ब्रेक तापू द्यायचे नाहीत. पडला बिडला तर काय घ्या."

"अरे, मग त्यांच्या गाड्या कशाला केल्यास तू? दोन दिवस घातलेस त्यांच्यावर!"

"गाड्यांनी माझं काय घोडं मारलंय?"

मला रडू यायला लागलं. आणि तो माझी समजूत काढायला लागला, बाप्पा! मला म्हणतो, "अगं, वाईट वाटलं. नाही कशाला म्हणू? आठ दिवस जेवण गेलं नाही मला. तिकीट टाकलं ते मुद्दामच. म्हटलं आता तरी कुणीतरी तोंड उघडेल. हार्ट पाठवले गं त्यांनी. मग म्हटलं, कॅन्सल करू. तेवढ्यात तुझा फोन आला. मी येते म्हणालीस. पाच वर्षांत कधी आधी आली नव्हतीस. म्हटलं, झालं. तुझा पण पासपोर्ट आला, तुला पण जाता आलं असतं त्यांच्याबरोबर, आणि तू इकडं आलीस. दोघं तर दोघं. शनिवारी पहाटे माउनाबोहून सुटायचं, तीन दिवसांत मायाग्वेस."

त्याचा चेहरा इतका मोकळा मी कधी पाहिला नव्हता. मी तेव्हाही गप्प बसू शकले असते. तिकीट रद्द करून राहू शकले असते, आणि त्याला कधीच कळलं नसतं. पण पाच महिन्यांत जे खरं बोलायला जमलं नाही ते नेमकं तेव्हा माझ्या तोंडून बाहेर पडलं.

"दादा, माझं उद्याचं तिकीट आहे."

"कुठलं? घरी सगळं ठीक आहे ना? पोरं बरी आहेत?"

"मेडेयीनचं."

त्यानं हातातलं संत्रं संपवलं. सालं पिशवीत भरली. मग उठला आणि माझ्या गाडीची चेन उगाचच बोटानं दाबून पाहिली.

"दादा, मी कॅन्सल करते. आत्ता करते, हे बघ."

"नको."

"अरे पण..."

"अहिल्या, नको म्हटलं ना." आवाज चढलेला नव्हता. "आता राहिलीस तर माझी कीव येऊन राहशील. मला सोबत पाहिजे होती. उपकार नको होते." आणि मग हेल्मेट घालता घालता म्हणाला, "त्या दोघांचं मला काय नाही. तू ब्रेक दाबत होतीस तीन तास माझ्यासमोर."

खाली येताना ओल्या पानांपाशी त्यानं हात वर केला नाही. मी दोनदा घसरले, पडता पडता वाचले. तो पुढं निघून गेला होता.

शुक्रवारी सकाळी माझी बॅग घेऊन मी खाली आले. मला वाटत होतं तो शिव्या देईल. द्यायला हव्या होत्या, मी खाल्ल्या असत्या. तो माझ्या गाडीच्या आरशाला फडकं मारत होता. एफ्राइन पिकअप सुरू करून उभा, मला विमानतळावर सोडायला.

"किल्ली ठेवून जा," गुरुनाथ म्हणाला.

गाडी माझ्या नावावर होती. किल्ली काढून त्याच्या हातात दिली. त्यानं ती खिशात घातली आणि म्हणाला, "पाणी घे बरोबर, रस्त्यात मिळत नाही." बस्. तेवढंच.

आणि मी गेले. हो, गेले. कोलंबियात डोंगर मोठे होते, रस्ते मोठे होते, गाड्या नव्या होत्या. केदारनं पहिल्या संध्याकाळी विचारलं, "गुरूनं कसं घेतलं?" मी म्हटलं, "तुझ्या बापानं सांगितलं असतं तर बरं झालं असतं." सुशांत म्हणाला चिल कर यार. त्यानंतर दहा दिवस मी त्या दोघांशी कामापुरतं बोलले, आणि फोटोत मात्र हसले.

चौथ्या दिवशी एका टपरीवर कॉफी पीत बसलो होतो तेव्हा एफ्राइनचा फोटो आला. त्याला बिचाऱ्याला आमच्यातलं काही ठाऊक नव्हतं. मायाग्वेसचा समुद्र, वाळूत उभ्या दोन गाड्या, चिखलानं माखलेल्या. एकीवर गुरुनाथ. दुसरीवर, माझ्या गाडीवर, मारिसोल, दोन्ही हात वर करून ओरडत असलेली. या टोकापासून त्या टोकापर्यंत पूर्ण केलं दोघांनी, त्यानं लिहिलं होतं. आणि खाली, मला बरं वाटावं म्हणून: 'तुझी गाडी एकदाही बंद पडली नाही.'